उशीखालची साखळी

सुखदेव,

पंखा चालू होता.

रविवारी दुपारी तीनच्या सुमारास तुझा प्रकाश माझ्या फाटकाशी आला. सायकल आडवी टाकून म्हणाला, "काका, बाबा उठून नाही राहिले." मी विचारले, "कोठे आहेत?" तो म्हणाला, "गाडीत." मी चपला घातल्या. चष्मा घरीच राहिला. वाटेत तो काही बोलला असेल. मला एक शब्द आठवत नाही. तुझ्या प्लॉटवर शेजारची माणसे जमली होती. गाडीच्या दारातून वहिनींना दोघी जणी धरून उतरवीत होत्या. मी आत चढलो आणि वर पाहिले.

वर पाहिले, तुझ्याकडे नाही. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये असतो तसला तो बारा व्होल्टचा लहान पंखा, ज्याच्या तारा मी स्वतः ओढल्या होत्या, नीट फिरत होता. त्यानंतर मी मीटरकडे पाहिले. चष्म्याशिवायही काटा कोठे आहे ते कळले, कारण त्या वेळी तो कोठे असावा हे मला ठाऊक होते. चार अँपिअर. छतावरच्या सोलर प्लेटा ऊन घेत होत्या, बॅटरी भरत होती, जोडणीत काही दोष नव्हता. एवढे सगळे पाहून झाल्यावर मी तुझ्याकडे पाहिले. तू डाव्या कुशीवर होतास. एक हात उशीखाली होता. वाऱ्याने तुझ्या कानाजवळचे पांढरे केस हलत होते, म्हणून मला क्षणभर वाटले की प्रकाशची काही चूक झाली आहे.

आज नववा दिवस. माणसाच्या आधी काटा पाहिला, ही गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नाही. तुला सांगतो.

हे वाचतील त्यांना तू ठाऊक नाहीस. तेव्हा थोडे सांगणे भाग आहे. तू एस.टी.चा ड्रायव्हर, मी त्याच डेपोच्या बॅटरी विभागात. तीस वर्षे तू गाडी बाहेर नेलीस आणि तीस वर्षे मी तिच्या बॅटरीत पाणी घातले. मला सगळा डेपो साहेब म्हणे. तू मास्तर म्हणायचास. का, ते मी विचारले नाही. आपण दोघे एकाच वर्षी निवृत्त झालो. मी घरी बसलो. तू एका शाळेची मोडीत निघालेली मिनीबस लिलावात घेतलीस आणि तिचे घर करायला लागलास.

लोक हसले. मीही म्हणालो की हा वेडेपणा आहे. परंतु त्या वेडेपणाचे मूळ तू नव्हतास, वहिनी होत्या. तुझ्या अंगणात बसून त्या मला म्हणाल्या होत्या, "भाऊजी, तीस वर्सं हे मुक्कामाच्या गाडीवर गेले. संध्याकाळी गाव गाठाचं, सकाळी निंघाचं. तिथं यायले कोण जेवाले वाढत होतं, ते मले एकडाव पाहाचं हाय."

"अवं, म्हातारा सरपंच वाढत होता," तू म्हणालास.

"त्याच सरपंचाची सरपंचीण पाहाची हाय मले."

तू इतका हसलास की तुझा चहा सांडला. दुसऱ्या दिवशी तू गाडीच्या दाराला आतून खडूने गावांची यादी लिहिलीस. तू जेथे जेथे मुक्कामाला राहिलास ती सतरा गावे. नरखेडकडची संत्र्यांच्या बागांतली सात, उमरेडच्या बाजूची चार, बाकी इकडची तिकडची. प्रत्येक गावी एक मुक्काम, त्याच गाडीत, त्याच पारापाशी. वहिनींची अट एकच होती. "पंख्याबिगर मी येत नाही. आधीच सांगून ठेवते."

पंखा चालवायचा तर बॅटरी हवी, आणि उभ्या गाडीत बॅटरी भरायची तर इंजिन चालू ठेवायला हवे. मी म्हणालो, मुक्काम इंजिनच्या धुरात करा. तू आठ दिवस फिरकला नाहीस. मग एके सकाळी हातगाडीवर गोधडीत गुंडाळलेले काही घेऊन माझ्या फाटकाशी आलास. "मास्तर, सूर्य आनला."

त्या चार सोलर प्लेटा होत्या. कोठल्याशा आडगावात सरकारने उन्हावर चालणारे रस्त्याचे दिवे लावले होते. पुढे गावात तारा आल्या, दिवे उतरले आणि प्लेटा भंगारात गेल्या. निळ्या काळ्या काचेखाली गोल गोल चकत्या. तोपर्यंत मी तशी वस्तू फक्त एका प्रदर्शनात दोरीपलीकडून पाहिली होती. तुझ्यापुढे मात्र मी म्हणालो, "याने पंखा चालत नाही." तू म्हणालास, "चालत नाही तं नाही. लावून तं पाहू." फाटकातच आपण ती पहिली प्लेट उन्हात धरली आणि मी मीटर लावला. काटा उठला. तू माझ्या तोंडाकडे पाहत होतास, काट्याकडे नाही.

त्यानंतर महिनाभर मी रोज तुझ्याकडे येत होतो. घरी माझ्याविषयी काय बोलले जात होते ते मला ठाऊक आहे. छतावर लोखंडी पट्ट्यांची चौकट बसवली, छतापासून चार बोटे उंच, म्हणजे खालून वारा खेळेल आणि छत तापणार नाही. चारही प्लेटा जोडल्या. अंधारात बॅटरीतली वीज उलटी प्लेटांकडे जाऊ नये म्हणून मध्ये डायोड घातला, तो काय करतो हे तू मला तीनदा विचारलेस आणि तिसऱ्यांदा म्हणालास, "म्हंजे कंडक्टर हाय. मागच्या दारानं उतरू देत नाही." मी पुष्कळांना शिकवले. डायोड इतक्या थोडक्यात कोणाला समजावता आला नव्हता. हे त्या वेळी बोललो नाही.

सगळे जोडून झाले आणि काटा हलेना.

चार दिवस. तुला आठवते? जमिनीवर प्लेट धरली की काटा उठत असे. छतावर नेली की पडत असे. मी सगळे सांधे पुन्हा झाळले. डायोड बदलला. मीटर खोटा ठरवला, मग दुसरा मीटरही खोटा ठरवला. तू म्हणालास, "सूर्याले आपली गाडी पसंत नाही." पाचव्या दिवशी वहिनी पापडांचे सूप डोक्यावर घेऊन शिडी चढल्या, छतावर मोकळी जागा आहे का ते पाहायला. वरूनच म्हणाल्या, "बाप्पा! इथं तं सारी सावली हाय. सावलीत पापड वाळत नाही, अन् तुमची बॅटरी कशी वाळन?"

गाडी कडुनिंबाखाली उभी होती.

तीस वर्षे नागपूरच्या उन्हात गाडी चालवलेला माणूस. सावली दिसली की त्याचे हात आपोआप तिकडे वळतात. तू गाडी दुसरीकडे उभी करूच शकत नव्हतास. परंतु मी? मी रोज त्याच निंबाखाली उभा राहून, घाम न येता, सूर्याची वीज शोधत होतो. तू हसता हसता झाडाचा बुंधा धरलास. मी हसलो नाही. "गाडी पुढे घे," एवढेच म्हणालो. घरी गेलो, दार लावले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. सुखदेव, ते तुझ्यासमोर हसायला काय हरकत होती?

गाडी उन्हात गेली आणि काटा आठवर उभा राहिला. पंखा फिरला. वहिनी त्याच्याखाली पाचेक मिनिटे डोळे मिटून बसल्या आणि म्हणाल्या, "कधी निंघाचं?"

तेथून आपले बिनसले.

दोन्ही बॅटऱ्या तू आत, तुझ्या झोपायच्या फळीखाली ठेवल्या होत्यास. मी समजत होतो की त्या तात्पुरत्या आहेत. तू म्हणालास की त्या तेथेच राहतील. मी कारण विचारले. कारण मला ठाऊक असायला हवे होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मुक्कामाच्या गावी तुझ्या गाडीची बॅटरी चोरीला गेली होती आणि सकाळी सारे उतारू तुझ्या तोंडाकडे पाहत उभे होते. त्या दिवसापासून तू मुक्कामाला अंथरूण घातलेस ते बॅटरीच्या पेटीवरच. तुझे पाहून निम्मा डेपो तसे करू लागला. "माही झोपच बॅटरीवर लागते, मास्तर. घरी तं मले अजूनई चुकल्यासारखं वाटते."

मी तुला सांगितले की ती गोष्ट वेगळी आणि ही वेगळी. तेव्हा गाडी उभी असे, बॅटरी भरत नसे. ही दिवसभर भरणार. भरताना तिच्यातून वायू निघतो. वास नाही, रंग नाही. बंद गाडीत तो साचतो आणि ठिणगी लागली की भडकतो. त्याच गाडीत वहिनी स्टोव्ह पेटवणार. माझ्या डाव्या भुवईत जो केस नसलेला पट्टा आहे, तो कसा झाला हे तुला ठाऊक होते. तूच मला त्या दिवशी हाताला धरून नळाखाली नेले होतेस.

तू म्हणालास, "खिडक्या हायेत ना गा. तू लय भेतं."

वहिनी चहा घेऊन आल्या. गाडीतला तो पहिला चहा. नव्या फळीवर त्यांनी दोन कप ठेवले, निळ्या काठाचे, गाडीसाठी म्हणून वेगळे आणलेले. मी कप उचलला होता. तुझे ते वाक्य ऐकले आणि कप तसाच भरलेला खाली ठेवला. म्हणालो, "बॅटरी बाहेर जाईपर्यंत मी या गाडीत चहा घेणार नाही." आणि उतरून चालता झालो.

उतरताना तुझा चेहरा पाहिला. राग मला अपेक्षित होता. राग नव्हता. तू त्या भरलेल्या कपाकडे पाहत होतास.

माझ्या ते लक्षात यायला घर यावे लागले.

छप्पन साल होऊन फार दिवस झाले नव्हते. तू नुकताच नोकरीला लागला होतास आणि माझ्या घरी एक निरोप घेऊन आला होतास. आमचे विणकरांचे घर, ओसरीवर माग. तू धर्म बदललास म्हणून आमच्या आईने काही बदलले नव्हते. तिने तुला चहा दिला तो कान तुटलेल्या कपात. तो कप बाहेर खिडकीत असे आणि तो कोणासाठी आहे हे मला ठाऊक होते. तुलाही कळले. तू चहा प्यालास, अंगणातल्या नळावर कप स्वच्छ विसळलास, होता तेथे पालथा ठेवलास आणि म्हणालास, "येतो, मास्तर." मी तेथे उभा होतो. आई गेल्यावर तो कप मीच फेकून दिला. परंतु तू पुन्हा आमच्या फाटकाच्या आत आला नाहीस. तीस वर्षे आपण फाटकाच्या दोन बाजूंना उभे राहून बोललो. मी कधी "आत ये" म्हणालो नाही, असे नाही, अनेकदा म्हणालो. त्याचे कारण मात्र एकदाही बोललो नाही.

आणि त्याच मी तुझ्या घरचा कप भरलेला खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी येऊन सांगायला हवे होते की ते बॅटरीबद्दल होते, बाकी कशाबद्दल नाही. मी आलो नाही. बॅटरी बाहेर गेली की जाऊ, असे स्वतःला बजावले. मी बरोबर होतो, सुखदेव. शास्त्राने मी शंभर टक्के बरोबर होतो. नऊ दिवस झाले, हे वाक्य मी रोज स्वतःशी म्हणतो.

तीन आठवडे गेले. शनिवारी संध्याकाळी तू फाटकाशी आलास. शर्टाला माती लागली होती, दम लागल्यासारखा वाटत होता. मी ते पाहिले आणि सायकल चढावर मारली असेल असे समजलो.

"काय करून राहिला, मास्तर?"

"काही नाही."

"उद्या चहाले येजो."

"बॅटरी काढलीस?"

तू हसलास. "येऊन पायजो ना."

"आधी काढ. मग सांग."

"तू काई सुधरत नाही गा," असे म्हणालास आणि फाटकाची कडी दोनदा वाजवलीस, कंडक्टर घंटी देतो तशी. मी घरात वळलो. तू गेलास ते मी पाहिले नाही. आपले शेवटचे बोलणे एवढेच.

रविवारी मी गेलो नाही. जेवलो, आडवा झालो. तीन वाजता प्रकाश आला.

तुला उचलून घरात नेताना चौघांनी धरले. मी पायांकडे होतो. हात उशीखालून निघेना. प्रकाशने उशी सरकवली. तुझी बोटे एका लोखंडी कडीत होती आणि कडीला साखळी होती. प्रकाशने एकेक बोट सोडवले. ती साखळी कसली, हे त्या वेळी कोणी विचारले नाही. तुला नेले आणि मी, काय करावे हे न सुचून, पुन्हा गाडीत आलो. फळी उचलली. खाली बॅटऱ्या नव्हत्या. तेथे कांद्याचे पोते, दोन गोधड्या आणि वहिनींचे सूप होते.

पंखा फिरतच होता. मी उभा राहून विचार करीत होतो की वीज कोठून येते. माणूस गेला आहे आणि मी हा विचार करतो आहे, हेही मला कळत होते.

साखळीचे टोक धरून निघालो. ती फळीच्या कडेने जाऊन गाडीच्या तळातल्या एका भोकात उतरली होती. भोकाला रबराचे कडे बसवलेले, घासू नये म्हणून. खाली उतरलो, गुडघे टेकले. मागच्या चाकाच्या मागे, गाडीच्या पोटाला लोखंडी पिंजरा होता. चारही बाजूंनी वारा जाईल अशा फटी. वर चिखलासाठी पत्रा. दोन्ही बॅटऱ्या आत, खाली लाकडी तक्ते, तारांवर रबरी नळी चढवलेली. माझ्या तारांना तू तसेच जोड दिले होतेस जसे मी देतो, आणि वर कापडी पट्टी गुंडाळली होतीस. बॅटऱ्यांभोवती साखळी फिरवून कुलूप, आणि साखळीचे दुसरे टोक वर, तुझ्या उशीखाली.

बॅटरी बाहेर आणि झोप बॅटरीवर. दोघांचेही राहिले. यात माझ्या डोक्यात न आलेले काय होते? तीन आठवड्यांत मला एवढे सुचले नाही, कारण मी सुचवायला बसलोच नव्हतो. मी वाट पाहत बसलो होतो.

पिंजरा तू वेल्डरकडून करून घेतला होतास. बॅटऱ्या मात्र शनिवारी एकट्याने हलवल्यास. एकेक बॅटरी मणाच्या वर. प्रकाश हिंगण्याला पाळीवर गेलेला. वहिनी म्हणाल्या, "मी म्हटलं, पोराले येऊ द्या. तं म्हणे, मास्तर उद्या चहाले येईन, आजच झाली पाह्यजे. फळी लावली, दोर बांधला, जॅक लावला. मंग घंटाभर पारावर बसले होते. मी म्हटलं, काय होऊन राहिलं? तं म्हणे, काई नाही, मजा येऊन राहिली."

बुधवारी मी रामदासपेठेत त्या डॉक्टरांकडे गेलो, ज्यांनी तुला तपासून हृदय बंद पडल्याचे सांगितले. विचारले, आदल्या दिवशी जड उचलल्याने असे होते का? ते म्हणाले, "होऊ शकतं. नसतं उचललं तरी कदाचित झालं असतं. छातीत दुखायचं का त्यांना?" मला ठाऊक नव्हते. तीस वर्षे मी तुझ्या गाडीच्या प्रत्येक बॅटरीची तब्येत आठवड्याला लिहून ठेवली. तुझी विचारली नाही. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही त्यांचे कोण?" मी म्हणालो, "डेपोत होतो." घरी येताना वाटले, हे उत्तर पुरेसे नव्हते. परंतु दुसरे कोणते द्यायचे होते ते आजही नक्की सांगता येत नाही.

मला उत्तर मिळणार नाही हे मी समजून आहे. मला तक्रार नाही. ओझे माझ्याकडे राहू दे. ते आपल्या जागीच आहे.

आज सकाळी वहिनींचा निरोप आला. गेलो. घरात पांढऱ्या कापडावर तुझा फोटो, समोर मेणबत्ती. प्रकाश बसला होता. तो म्हणाला, "काका, गाडी विकून टाकतो. आईले पाहवत नाही."

"मी कधी म्हटलं पाहवत नाही म्हणून?" वहिनी आतून म्हणाल्या. "तुले पाहवत नाही. मले सतरा गावं पाहाची हायेत. तुले लायसन हाय का नाही?"

"आई, हे काय बोलून राहिली तू? नऊ दिवस झाले फक्त."

"मंग दहाव्या दिवशी जाऊ असं कुठं म्हटलं मी? थंडी लागल्यावर जाऊ. भाऊजी, बॅटरीत पानी किती दिवसांनी टाकाचं असते?"

"पंधरा दिवसांनी," मी म्हणालो.

"मंग तुमी संगं येजा. मले काई त्यातलं समजत नाही."

प्रकाश माझ्याकडे पाहत होता. त्याला वाटत होते की मी त्याची बाजू घेईन. मी म्हणालो, "प्लेटांवर धूळ बसली असेल. पुसायला हव्यात." आणि उठलो.

छतावर खरोखरच धूळ होती. निंबाची पानेही होती, वाऱ्याने इतक्या लांब आलेली. चारही प्लेटा पुसल्या. खाली उतरून पिंजऱ्याशी बसलो आणि बॅटऱ्यांच्या प्रत्येक कप्प्यात पाणी घातले. फार कमी झाले नव्हते. मग आत गेलो. पंखा बंद होता. नऊ दिवसांत तो केव्हातरी कोणी बंद केला होता. कोणी, ते मी विचारले नाही. फळीवर ते दोन निळ्या काठाचे कप पालथे होते. रविवारचे. तू मांडून ठेवलेले.

वहिनी दाराशी आल्या, हातात किटली. मी चहा मागितला नव्हता. त्यांनी एक कप सरळ केला, भरला आणि माझ्यापुढे ठेवला. दुसऱ्याला हात लावला नाही.

मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी मी कप ठेवून गेलो." कसेबसे म्हणालो, "आमच्या आईने एकदा सुखदेवला…"

"तुटक्या कपात देल्ता. मले ठाव हाय," त्या म्हणाल्या. "लगन झालं त्याच वर्सी सांगतलं होतं यायनं."

"काय म्हणाला?"

त्यांनी साखळीची कडी उचलून उशीवर ठेवली. "म्हणे, कप तुटका होता, पन चहा फसकलास होता. म्हणे, मास्तर तिथं उभा होता, त्याचं तोंड असं झालं होतं, का मलेच त्याची दया आली."

तीस वर्षे तू मला मास्तर म्हणालास आणि माझी दया करीत होतास. हे मला कधी कळू दिले नाहीस.

मी चहा घेतला. साखर बेताची होती. वहिनींनी विचारले, "बरोबर हाय का?" मी म्हणालो, "बरोबर आहे." वर हात नेऊन पंख्याची कळ दाबली. तो फिरू लागला. बाहेर ऊन होते. काटा आपल्या जागेवर आला. या वेळी मी तो शेवटी पाहिला.

चहा संपला. वहिनींनी कपासाठी हात पुढे केला. मी दिला नाही. "राहू द्या ना, भाऊजी," त्या म्हणाल्या. मी गाडीतून उतरलो, निंबाखालच्या नळावर कप विसळला, आतून बाहेरून स्वच्छ केला, परत चढलो आणि तुझ्या कपाशेजारी पालथा ठेवला.